हाताला लागलेलं काम

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूने राजमहाल रोडवर आलं की कलाभवन लागतं. आज तिथे इंजिनिअरिंग शिकवतात. ‘मुलगा कलाभवनात आहे’ असं इथल्या मराठी घरात सांगितलं की समोरचा समाधानाने मान हलवतो आणि मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल एवढंच विचारतो. ‘मुलगी फाइन आर्ट्सला आहे’ असं सांगितलं, तर चहाचा कप खाली ठेवून प्रश्न येतो, ‘छान. पण पुढे काय?’

हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरांनी दोन-तीन पिढ्या आधी संस्थानात कारकुनी केली, मग बँकेत, रेल्वेत, रिफायनरीत नोकऱ्या केल्या, त्या घरांना महिन्याच्या एक तारखेची किंमत माहीत असते. पण ज्या वास्तूच्या नावाने हे घर निर्धास्त होतं, त्या नावात ‘कला’ हा शब्द का आहे, हे फारसं कुणी विचारत नाही.

सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. तिथे चित्रकला होती, तशीच सुतारी होती, कापड रंगवण्याचं रसायन होतं, यंत्रकाम होतं. कला म्हणजे हुन्नर, हाताला येणारी आणि पोटाला लावणारी विद्या, असा तो साधा अर्थ होता. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं, तंत्रविद्या कलाभवनाच्या इमारतीत राहिली आणि चित्र-शिल्पासाठी फाइन आर्ट्सची वेगळी फॅकल्टी झाली. इमारती वेगळ्या झाल्या तसा शब्दाचा अर्थही दुभंगला. एका बाजूला ‘काम’ गेलं आणि दुसऱ्या बाजूला ‘आवड’. माणसं कलेचा व्यवसाय का पत्करतात याची उत्तरं आपल्याला नीट सापडत नाहीत, याचं एक कारण मला या फाळणीत दिसतं. आपण सगळी उत्तरं आवडीच्या बाजूला शोधतो. ती बरीचशी कामाच्या बाजूला असतात.

धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १८९० मध्ये या कलाभवनात आले, तेव्हा विशीत होते. इथे त्यांनी रंगकाम केलं, छायाचित्रण शिकले. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा धंदा. चाळिशीत सिनेमा पाहिला आणि तो करायचा ठरवलं, तेव्हा पैसे लावणाऱ्यांना पटवायला त्यांनी भाषण दिलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब फुटून वेल होईपर्यंतची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर आला. फाळक्यांची गोष्ट सांगताना आपण ध्यासाबद्दल बोलतो, विमा पॉलिसी गहाण टाकल्याबद्दल बोलतो. मला त्या कुंडीबद्दल बोलावंसं वाटतं. रोज कॅमेऱ्यापाशी बसायचं, उजेड सारखा ठेवायचा, कॅमेरा केसभरही हलू द्यायचा नाही, एक फ्रेम घ्यायची आणि उठायचं. ज्याला हे रोजचं बसणं आवडतं तो या व्यवसायात येतो. बाकीचं वर्णन लोक मागाहून करतात.

आता एक काम जवळून बघू. बडोद्यात छापचित्रांची परंपरा मोठी आहे. फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या १९५० च्या पहिल्या तुकडीत शिकायला आलेले ज्योती भट्ट पुढे न्यूयॉर्कला प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये हे तंत्र शिकून आले आणि त्यांनी इथे कित्येकांना या वाटेला लावलं. म्हणून उदाहरण एचिंगचं घेते, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा खोदून, त्यांत शाई भरून कागदावर छापलेल्या चित्राचं.

जस्ताचा पत्रा घ्यायचा, समजा वीस बाय पंचवीस सेंटिमीटरचा, साधारण दीड मिलिमीटर जाडीचा. पहिलं काम चित्राचं नसतं, कानशीचं असतं. चारही कडा उतरत्या घासायच्या, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि कोपरे गोल करायचे. हे टाळून हा पत्रा, म्हणजे प्लेट, छपाईच्या प्रेसखाली घातली तर तिची धार ओला कागद कापते, आणि कागदावरच्या लोकरीच्या फेल्टलाही चीर पाडते. फेल्ट महाग असतं, आणि ती चीर पुढे कित्येक महिने दुसऱ्यांच्या प्रिंटवर उमटत राहते. त्यामुळे वर्कशॉपमध्ये नव्या मुलाची पारख आधी कडांवर होते. त्याला चित्र येतं की नाही, ते नंतर.

मग प्लेटचं तेल घालवायचं. खडूची पूड, थोडं अमोनिया, पाणी आणि कापसाचा बोळा. नळाखाली धरल्यावर पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर प्लेट स्वच्छ. कुठे थेंब गोळा होऊन घसरला तर तिथे अजून बोटाचं तेल आहे, आणि ॲसिडमध्ये गेल्यावर नेमका तिथलाच लेप सुटणार आहे. हा लेप म्हणजे ग्राउंड, मेण, डांबर आणि राळ यांचा. प्लेट गरम करून तो रोलरने पातळ फिरवायचा, मधासारखा तपकिरी दिसेल इतपतच. जाड झाला तर सुईखाली त्याचे टवके उडतात. प्लेट जास्त तापली तर ग्राउंड करपतो, त्याला बारीक भोकं पडतात, आणि जिथे रेघ मारलेलीच नाही तिथेही ॲसिड शिरतं. याला सगळे फाउल बाइट म्हणतात. आकाशाच्या मोकळ्या जागी पुरळ उठल्यासारखे ठिपके दिसले की समजायचं.

त्यानंतर सुई. पेन्सिलीची सवय असलेला हात इथे हमखास चुकतो. गडद रेघ हवी म्हणून तो दाब देतो. एचिंगमध्ये दाबाचा उपयोग नाही; सुईने फक्त ग्राउंड बाजूला सारायचा असतो, धातू उघडा करायचा असतो. खोदण्याचं काम ॲसिडचं. नायट्रिक ॲसिड एक भाग आणि पाणी आठ ते दहा भाग, आणि ओतायचं ते ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ॲप्रन, हातमोजे, चष्मा आणि चालू पंखा नसेल तर त्या टबाजवळ जाऊच नये. प्लेट आत गेली की रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते पक्ष्याच्या पिसाने हळूच सारायचे, नाहीतर बुडबुड्याखालची जागा कोरी राहते आणि रेघेची कड फाटकी होते.

दोन मिनिटांनी प्लेट बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची. सगळ्यात फिक्या हव्यात त्या रेघांवर ब्रशने वॉर्निश लावून त्या बंद करायच्या. पुन्हा आत, चार मिनिटं. पुन्हा काही रेघा बंद. मग आठ मिनिटं. शेवटपर्यंत उघडी राहिलेली रेघ सगळ्यात खोल, म्हणून सगळ्यात काळी. हे ध्यानात आलं की बघणाऱ्याचा चेहरा बदलतो, कारण आतापर्यंत काळेपणा जोरातून येतो असं हाताला वाटत होतं. इथे तो वेळेतून येतो. आणि मिनिटांचं कोष्टकही कायम राहत नाही. काम चालू असताना ॲसिड तापत जातं, त्यामुळे दुसऱ्या तासाची चार मिनिटं पहिल्या तासाच्या चार मिनिटांपेक्षा खोल जातात. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, जानेवारीतलं वहीतलं टिपण विश्वासाचं राहत नाही. उलट बरेच दिवस वापरलेलं ॲसिड मंदावतं आणि विद्यार्थी वाट बघत बसतो. म्हणून जाणते लोक प्लेटबरोबर एक छोटा तुकडा आत टाकतात आणि त्यावर खोली तपासतात.

छपाईच्या दिवशी कागद अर्धा तास पाण्यात ठेवायचा, मग टिपकागदात दाबून वरचं पाणी काढायचं. तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाडसर, सुती कागद असेल तर तो हाताला थंड लागला पाहिजे, पण चकाकता कामा नये. चकाकला तर शाई धरत नाही, पांढरे डाग राहतात. सुकला तर रेघेच्या तळापर्यंत पोहोचत नाही. प्लेट किंचित गरम करून शाई रेघांत भरायची, मग कांजी केलेल्या मलमलीच्या बोळ्याने गोल गोल फिरवत वरची काढायची, आणि शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हातानेच. या पुसण्यात खरी मेख आहे. जरा जास्त पुसलं तर रेघेतली शाई उपसली जाते आणि चित्र उपाशी दिसतं. कमी पुसलं तर सगळ्यावर मळकट साय. कडा वेगळ्या कापडाने पुसायच्या, विसरलात तर चौकटीभोवती काळी किनार येते. मग प्रेस, वर तीन फेल्ट, आणि चाक न थांबता फिरवायचं, कारण मध्ये थांबलं की तिथे आडवी पट्टी उमटते.

मग कागद एका कोपऱ्यातून उचलायचा.

चित्र उलटं आलेलं असतं. प्लेटवर डावीकडे काढलेला वड आता उजवीकडे असतो. अक्षरं लिहिली असतील आणि आरशातून लिहायची विसरली असतील, तर शिरोरेघ जागेवरच असते पण काना अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलेला असतो. काहीतरी नेहमीच बिनसलेलं असतं. पण काय बिनसलं ते कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते कुठल्या टप्प्यावर झालं तेही कळतं. ही किनार पुसायची राहिली, हा ठिपका बोटाच्या तेलाचा, ही फिकी रेघ लवकर बंद केली. कुणी साहेब नाराज आहे म्हणून, कुणाची बदली झाली म्हणून, फाइल वर अडकली म्हणून असं इथे काही नसतं. चूक आपली, दिसते लगेच, आणि बहुतेक वेळा उद्या सुधारता येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं कलेकडे वळतात ती या उत्तरासाठी. साहित्य, मग ते जस्त असो, माती असो, सूर असो की वाक्य, ते तुम्हाला खोटं सांगत नाही. ज्याला ही गोष्ट एकदा हाताला लागली, त्याला इतर कामांत काहीतरी कमी पडल्यासारखं वाटत राहतं. गाणाऱ्याचं यापेक्षा वेगळं नसतं. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा उघडली, तेव्हापासून या गावाला रियाज माहीत आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की तारेचा आवाज बंद पडतो किंवा खुलून येतो. ती जागा सापडेपर्यंत धागा हलवत बसण्यात ज्याचा जीव रमतो, त्याच्याविषयी मला काळजी वाटत नाही. मैफिलीच्या टाळ्यांसाठी गाणं शिकणाऱ्याविषयी वाटते.

आणि म्हणूनच ‘स्वातंत्र्य हवं होतं’ हे कारण मला अपुरं वाटतं. स्वातंत्र्य मिळेल म्हणून या शिक्षणात आलेली मुलं पहिल्या वर्षानंतर, जेमतेम दुसऱ्यात, हिरमुसतात. वर्कशॉपमध्ये ऑफिसपेक्षा कमी स्वातंत्र्य असतं. ॲसिडची वेळ पाळायची, भिजवलेला कागद त्याच दिवशी वापरायचा, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत त्यावर बुरशीचे ठिपके. प्रेसची पाळी आली की जेवण सोडून जायचं, काम संपल्यावर शाईचा काच-फळा रॉकेलने पुसून ठेवायचा, कारण मागून येणाऱ्याला वाळलेली शाई खरवडावी लागू नये. हे बंधन ज्याला आवडतं तो टिकतो. ‘नाव होईल’ हे कारणही असंच. नाव होतं ते फार थोड्यांचं आणि फार उशिरा, तोवरची पंधरा-वीस वर्षं काढायला वेगळं इंधन लागतं.

तर पुढे काय? हिशोब मांडू या, कारण तो लपवून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. वर सांगितलेल्या आकाराची प्लेट आहे आणि दहा प्रतींची एडिशन काढायची आहे. त्याशिवाय कलावंताच्या स्वतःच्या दोन-तीन प्रती, आणि वाया जाणाऱ्या तीन-चार धरायच्याच. म्हणजे सोळा. छप्पन्न बाय शहात्तर सेंटिमीटरच्या कागदाच्या एका तावाचे चार तुकडे होतात, म्हणून चार ताव. एक प्रत शाई भरून, पुसून, छापून व्हायला अर्धा तास ते पाऊण तास लागतो, त्यामुळे दिवसाला आठ ते दहा प्रती, आणि छपाईचे दोन दिवस. प्लेट तयार होण्याचे आठ-दहा दिवस त्याआधीचे. शेवटी प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने आकडा, ३/१०, ४/१०, आणि सही. गॅलरीतून विकलं तर विक्रीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग गॅलरीचा. फ्रेमचा खर्च बऱ्याचदा कलावंताच्या अंगावर. दहाच्या दहा प्रती एका वर्षात गेल्या तर नशीब म्हणायचं. एकट्या छापचित्रांवर घर चालवणारे विरळा, आणि हे पहिल्याच वर्षी सांगायला हवं.

घर चालतं ते त्या हाताच्या इतर उपयोगांवर. कुणी शाळेत शिकवतं, कुणी कापडाच्या कंपनीसाठी डिझाइन करतं, कुणी पुस्तकांची मांडणी, कुणी संग्रहालयात जुन्या कागदांची डागडुजी, कुणी सिनेमा-जाहिरातीत सेट. यात कमीपणा मानण्याची पद्धत आपल्याकडे कुठून आली कळत नाही. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन बडोद्यात शिकवत असतानाच मध्ये काही वर्षं मुंबईला हातमाग मंडळात काम करून आले. फॅकल्टीत १९६० च्या दशकापासून फाइन आर्ट्स फेअर भरायचं, त्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकही विकायच्या वस्तू बनवायचे. सुब्रमण्यन यांनी त्यासाठी खेळणी केली, लाकडाची, मण्यांची, चामड्याची. मोठा चित्रकार मुलांच्या हातात जाणारं माकड बनवतो आणि ते विकायला मांडतो. कलाभवनातला जुना अर्थ इथे अजून जिवंत होता.

या निवडीमागे गावाचाही वाटा असतो, त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, जन्म १९१०. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाचे चित्रकलेचे मास्तर होते म्हणून बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन यांच्या हाताला वळण मिळालं. आणि बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला शिकवायला आले म्हणून इथल्या एका पिढीला ते मिळालं. एखाद्या मुलात कितीही ऊर्मी असली तरी एचिंग प्रेस कुणी घरी घेऊ शकत नाही, आणि नायट्रिक ॲसिडचा टब फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवता येत नाही. शिक्षण संपल्यावर छापचित्र सोडलेल्यांत आवड संपलेले थोडे. प्रेस नसलेले जास्त. बडोद्यात ‘छाप’सारखी सामायिक कार्यशाळा आहे, त्यामुळे इथला पदवीधर काम चालू ठेवू शकतो. ज्या गावात तशी सोय नाही, तिथला त्याच तोडीचा मुलगा वर्षभरात मोबाइलवर पोस्टर करू लागतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपल्या घरांत मुलीला हे शिक्षण तुलनेने सहज मिळतं, आणि त्याचं कारण बरं नाही. ‘तिला कुठे घर चालवायचंय, शिकू दे तिला आवडीचं.’ मुलाला नकार मिळतो तो त्याच्या मिळकतीच्या काळजीने, आणि मुलीला होकार मिळतो तो तिच्या मिळकतीची कुणाला पर्वा नाही म्हणून. मग ती पाच-सहा वर्षं ॲसिडच्या वाफेत, शाईने काळी झालेली नखं घेऊन, व्यवसाय शिकते. आणि लग्नाच्या बोलणीत त्याचा ‘छंद’ होतो. तिने तो व्यवसाय म्हणूनच शिकलेला असतो. चार तावांचा हिशोब तिला कुणाही व्यापाऱ्याइतका येतो.

म्हणून ‘पुढे काय’ विचारणाऱ्या आईबापांना मी एवढंच सुचवेन. वर्षाच्या शेवटी फॅकल्टीत विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन लागतं, ते बघायला जाच. पण भिंतीवरचं बघून झाल्यावर मुलाला त्याच्या लॉकरमधला गठ्ठा काढायला सांगा. त्यात पहिली प्रूफं, म्हणजे चाचणीच्या प्रती, असतात. जास्त पुसलेली, कडा काळ्या राहिलेली, आकाशात पुरळ उठलेली. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं असतं: ‘सहा मिनिटं जास्त झाली’, ‘कागद ओला’, ‘डावी कड पुन्हा घासणे’. ती टिपणं तारखेनुसार लावून वाचा. चूक बदलत गेलेली दिसली, म्हणजे एकच चूक महिनोन्‌महिने तीच राहिलेली नसेल, आणि सांगताना त्याचा आवाज भिंतीवरच्या चित्राबद्दल सांगताना होता त्यापेक्षा उत्साही झाला, तर चहाचा कप हातात ठेवूनच पुढचं बोला.